तिला ११० आणि मला ८५ का? केमोचा डोस ठरतो कसा

"ताई, तिला एकशे दहा आणि मला पंच्याऐंशीच? आम्ही पैसे कमी भरले म्हणून का?"

इंदूरच्या एका डे केअर वॉर्डात सकाळी साडेदहाच्या सुमारास हा प्रश्न आला. विचारणाऱ्या काकू रामबागेतल्या, शेजारच्या खुर्चीवरच्या ताई देवासच्या. दोघींना स्तनाचा कर्करोग, दोघींचं पहिलंच सायकल (म्हणजे औषधाची पहिली फेरी), दोघींच्या स्टँडवर तेच लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. लेबलावरचे आकडे तेवढे वेगळे. मी तिथे फार्मासिस्ट आहे. आतल्या खोलीत काचेच्या कपाटासमोर बसून ही औषधं मीच तयार करते, म्हणजे तो पंच्याऐंशीचा आकडा माझ्याच हातून बाहेर गेला होता. काकूंना मी तेव्हा "तुमच्या मापाचं आहे ते" एवढंच म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. पटेल असं उत्तर जरा लांबलचक आहे, ते इथे लिहिते.

तापाची गोळी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकच चालते. सासऱ्यांना ५००, सुनेलाही ५००. ताप उतरवायला लागणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात भरपूर जागा असते, म्हणून चालते. केमोच्या (आमच्याकडे हिंदीच्या संगतीनं सगळे 'कीमो' म्हणतात) बहुतेक औषधांत ही जागा अगदी चिंचोळी असते. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि तशा पेशी काही फक्त गाठीत नसतात. हाडांतल्या मज्जेत असतात, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात असतात, केसांच्या मुळांशी असतात. औषध कमी पडलं तर गाठ तग धरते. जास्त झालं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घसरतात की साधा संसर्गही जिवावर बेततो.

एक गैरसमज आधीच बाजूला काढते, कारण तो रोज ऐकू येतो. गाठ मोठी म्हणून डोस मोठा, असं नसतं. गाठ केवढी, कुठवर पसरली, यावरून कोणती औषधं द्यायची, किती सायकल, ऑपरेशन आधी की नंतर, हे ठरतं. पिशवीत किती मिलिग्रॅम जायचे, हे मात्र माणसाच्या शरीरावरून ठरतं.

अंगाचं क्षेत्रफळ

काकूंची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. ताईंची उंची १६०, वजन ७२. म्हणजे वजनानं ताई बरोबर दीडपट. नुसत्या वजनावर हिशेब केला असता तर काकूंच्या ८५ मिलिग्रॅमच्या तुलनेत ताईंना १२८ द्यावे लागले असते. ते जास्त झालं असतं. वजन दीडपट असलं म्हणून यकृत आणि मूत्रपिंडं दीडपट काम करत नाहीत.

पुरणाचा उंडा डोळ्यांसमोर आणा. त्याची जाडी सगळीकडून दुप्पट केली तर पुरण आठपट लागतं, पण त्याच्यावर गुंडाळायची कणीक चौपटच लागते. आतला ऐवज वाढतो त्या वेगानं बाहेरचा पृष्ठभाग वाढत नाही. शरीराचा चयापचय हा वजनापेक्षा या पृष्ठभागाच्या चालीनं जास्त चालतो, हे जुनं निरीक्षण आहे. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल या अमेरिकन डॉक्टरांनी कर्करोगाच्या काही औषधांचे उंदरांना, लहान मुलांना आणि मोठ्या माणसांना दिले जाणारे डोस शेजारी शेजारी मांडले. किलोमागे पाहिलं तर आकडे कुठच्या कुठे जात होते. अंगाच्या चौरस मीटरमागे पाहिलं तर ते बरेच जवळ आले. तेव्हापासून केमोचा डोस 'दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम' असा लिहायची रीत पडली.

आता माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ मोजायचं कसं? १९१६ मध्ये द्यु बॉय आडनावाच्या दोन संशोधकांनी ते खरोखरच मोजलं होतं. माणसांच्या अंगावर कागद चिकटवून साचे काढले, ते उलगडून सपाट केले आणि त्यांचं क्षेत्रफळ काढलं. त्यावरून उंची आणि वजन घालून उत्तर देणारं सूत्र बसवलं. माणसं किती मोजली? नऊ. त्या नऊ जणांवरून निघालेलं सूत्र शंभरहून जास्त वर्षं जगभरच्या रुग्णालयांत वापरलं गेलं आहे, आणि मला अजूनही याचं नवल वाटतं.

आम्ही वापरतो ते त्याहून सोपं. मोस्टेलर यांनी १९८७ मध्ये सुचवलेलं हे सूत्र आठवी-नववीचा मुलगासुद्धा सोडवेल. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, त्याला ३६०० नं भागायचं आणि जे येईल त्याचं वर्गमूळ काढायचं. काकूंचे १५२ गुणिले ४८ म्हणजे ७२९६. भागिले ३६०० म्हणजे २.०३, वर्गमूळ १.४२. ताईंचं तसंच केलं की १.७९ येतं. या दोघींच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या आराखड्यात, डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम आहे. काकूंचे झाले ८५.४, ताईंचे १०७.३. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ताडून पाहावं. रुग्णाच्या घरच्यांनी तर जरूर पाहावं, आम्हाला त्याचा राग येत नाही.

मग १०७.३ चे ११० का झाले? औषधाच्या बाटल्या येतात ५० मिलिग्रॅमच्या आणि १० च्या. दोन मोठ्या आणि एक लहान असा सरळ हिशेब बसतो. हिशेबाच्या आकड्यापासून पाच टक्के, काही ठिकाणी दहा टक्के इकडेतिकडे करायची मुभा असते. ताईंच्या बाबतीत फरक अडीच टक्केच आहे. बाटली फोडून उरलेलं महागडं औषध फेकून द्यायचं आणि त्याचे पैसे बिलात लावायचे, यापेक्षा हे बरं. तेव्हा काकू, पैशांचा संबंध आला असेलच तर तो एवढाच.

पूर्वी अंगानं भरलेल्या रुग्णाचं क्षेत्रफळ कितीही आलं तरी अनेक डॉक्टर २ चौरस मीटरवर थांबायचे. जास्त औषध झेपणार नाही, अशी भीती. ती बरीचशी निराधार निघाली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलं की स्थूल माणसालाही त्याच्या खऱ्या वजनावरूनच पूर्ण डोस द्यावा.

दशांश चिन्हाचा रुबाब

इथवर वाचून वाटेल की हे फार काटेकोर शास्त्र आहे. रोज हे काम करून माझं मत थोडं वेगळं झालं आहे. ८५.४ मधला तो '.४' नुसता रुबाब आहे. एकाच उंचीच्या, एकाच वजनाच्या दोन बायकांना एकसारखा डोस दिला, तरी त्यांच्या रक्तात औषध सारखं राहत नाही. पुष्कळ औषधांत हा फरक दुपटीचा, तिपटीचा किंवा त्याहून मोठा असतो. कोणाचं यकृत औषध झटकन मोडतं, कोणाचं रेंगाळत मोडतं, आणि हे उंची मोजण्याच्या पट्टीवर दिसत नाही. पण आजवरचे बहुतेक अभ्यास याच हिशेबानं झाले आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करावी लागते. पहिल्या सायकलचा डोस म्हणजे चांगला अभ्यास करून बांधलेला अंदाज.

काही औषधांना अंगाचं क्षेत्रफळ लागतच नाही. कार्बोप्लॅटिन हे त्यातलं ठळक उदाहरण. ते मुख्यतः मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, तेव्हा मूत्रपिंडं किती जोरात गाळतात हेच पाहायचं. १९८९ मध्ये कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सूत्र दिलं. मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं, त्या आकड्यात २५ मिळवायचे आणि बेरजेला ठरलेल्या लक्ष्यानं गुणायचं. हे लक्ष्य म्हणजे फाइलवर दिसणारं 'एयूसी ५' किंवा 'एयूसी ६': औषध रक्तात किती प्रमाणात आणि किती वेळ राहिलं, याचा एकत्र हिशेब.

गाळण्याचा वेग मात्र सहसा थेट मोजत नाहीत, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) काढतात. खरी गंमत इथे आहे. समजा, साठ वर्षांचे एक काका आहेत, वजन ५४ किलो, क्रिएटिनिन ०.९. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागा. (बायकांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ नं गुणतात.) उत्तर येतं जवळपास ६७. त्यात २५ मिळवून पाचनं गुणलं की ४५८ मिलिग्रॅम. आता हेच काका दोन दिवस उलट्या होऊन, पाणी न पिता, मे महिन्यात बसनं खरगोनहून इंदूरला आले आणि क्रिएटिनिन १.५ निघालं, तर तेच सूत्र ३२५ सांगतं. उलट आजारपणानं अंगावरचं मांसच झडलं असेल तर क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं, कारण ते स्नायूंतून येतं. रिपोर्टमध्ये ०.५ दिसतं, घरचे खूश होतात की किडनी उत्तम, आणि सूत्र सांगतं ७२५! मूत्रपिंडं तीच, माणूस तोच. म्हणून अशा रुग्णाचं क्रिएटिनिन ०.५ आलं तरी अनेक ठिकाणी ते ०.७ किंवा ०.८ धरून हिशेब करतात, आणि गाळण्याचा वेग १२५ च्या वर धरत नाहीत. सूत्र आंधळं असतं. समोरच्या काकांचे दंड किती बारीक झालेत, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहावं लागतं.

काही औषधांना वरची मर्यादा असते. व्हिन्क्रिस्टिन हिशेबानं कितीही आलं तरी बहुतेक प्रोटोकॉलमध्ये एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, मज्जातंतूंना इजा होते म्हणून. डॉक्सोरुबिसिनला तर आयुष्यभराची मर्यादा आहे. सगळी सायकल मिळून चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की हृदय कमकुवत होण्याचा धोका झपाट्यानं वाढतो. काकू-ताईंची चार सायकल म्हणजे २४० होतात. दहा वर्षांनी कोणाला पुन्हा गरज पडली तर हे २४० मोजायला हवेत, आणि तेव्हा जुनी फाइल रद्दीत गेलेली असते. डिस्चार्ज कार्डं जपून ठेवा.

जनुकांचंही थोडं सांगते. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं मोडणारं एक एन्झाइम काही माणसांत जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस विषासारखा ठरू शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये ही औषधं सुरू करण्याआधी ते तपासण्याची शिफारस केली. रक्ताच्या कर्करोगात मुलांना देतात त्या मर्कॅप्टोप्युरिनच्या बाबतीत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकाचे काही प्रकार आशियातल्या लोकांत युरोपपेक्षा जास्त आढळतात, आणि अशा मुलांना फार कमी डोस लागतो.

शरीराचं उत्तर

एकवीस दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. काकूंचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ठीक होता. ताईंच्या न्यूट्रोफिल पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निघाल्या ९००. पुढचं सायकल द्यायला साधारण १५०० तरी लागतात, शिवाय प्लेटलेट एक लाख. ताईंना आठवडाभर थांबावं लागलं. त्या रडवेल्या झाल्या, आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटलं. बाहेरचे पोहे खाल्ले म्हणून झालं का, असंही विचारून झालं. (झालं नाही. काउंट कमी असताना रस्त्यावरचा कच्चा कांदा आणि चटणी टाळावी हे खरं, पण पोह्यांनी काउंट पडत नाही.) त्यांच्या मज्जेला औषध जरा जास्त बाधलं होतं, एवढाच अर्थ. दोघींचं सूत्र एकच, शरीरांची उत्तरं दोन.

अशा वेळी डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात. डोस वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरवायचा, किंवा डोस तोच ठेवून पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी द्यायचं. बरे होण्याची शक्यता चांगली असेल तिथे दुसरी वाट धरतात, आणि मला ती पटते. त्यामागे इटलीतला अनुभव आहे. मिलानच्या बोनाडोना यांनी स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर दिलेल्या केमोचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ठरलेल्या डोसच्या ८५ टक्के किंवा जास्त औषध मिळालेल्या बायकांना चांगला फायदा झाला. ज्यांना ६५ टक्क्यांहून कमी मिळालं त्यांना केमो न घेतल्यासारखंच झालं होतं. कमी पडलेला डोस कोणाच्या लक्षात येत नाही. उलटी नाही, ताप नाही, सगळे म्हणतात बाईंनी छान झेललं. तेव्हा "बाई नाजूक आहेत, जरा कमीच द्या" अशी गळ डॉक्टरांना घालू नका.

चुका सहसा सूत्रात होत नाहीत. बॉस्टनमध्ये १९९४ साली बेट्सी लेहमन या पत्रकार बाईंना चार दिवसांत मिळून द्यायचा सायक्लोफॉस्फामाइडचा डोस रोज, चारही दिवस दिला गेला. कागदावर लिहिलेली ती चार दिवसांची बेरीज होती, वाचली गेली एका दिवसाची म्हणून. त्या गेल्या. त्या 'बॉस्टन ग्लोब'मध्ये आरोग्यावरच लिहीत असत. २००६ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला ५-एफयूचा पंप तासाला १.२ मिलिलिटरऐवजी २८.८ वर लावला गेला. गणितात २४ नं भागायचं राहिलं होतं, म्हणजे दिवसाचा आकडा तासाला लागला. चार दिवसांचं औषध चार तासांत शरीरात गेलं. अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढेच आहे. लेबलावर २८.८ हा आकडा छापलेला होताच, दिवसाचा म्हणून. चुकलेलं उत्तर लेबलाशी जुळलं आणि खात्री पटली. दोन नर्सनी तपासूनही चूक सुटली.

माझ्या पाहण्यातली चूक इतकी भयंकर नव्हती, पण त्याच जातीची होती. एका ठिकाणी एका उंचापुऱ्या रुग्णाच्या फाइलवर उंची लिहिली होती ५.१०. म्हणजे पाच फूट दहा इंच, १७८ सेंटिमीटर. कोणीतरी ते ५.१ फूट समजून कॅल्क्युलेटरवर सेंटिमीटर केले, १५५ झाले. सत्तर किलोच्या त्या माणसाचं क्षेत्रफळ १.८६ ऐवजी १.७४ आलं, डोस सहा-सात टक्क्यांनी कमी झाला. दोन सायकल तशीच गेली. तिसऱ्या वेळी मी औषध द्यायला बाहेर आले आणि खुर्चीत मावत नसलेले त्यांचे पाय पाहिले, तेव्हा ध्यानात आलं. तेव्हापासून फुटांत लिहिलेली उंची मी घेत नाही. रुग्णाला भिंतीशी उभं करते.

गोळ्यांच्या केमोत तर तपासणारं घरातलंच माणूस असतं. १.५ चौरस मीटरच्या बाईंना कॅपेसिटाबिनच्या ५०० च्या गोळ्या पुष्कळदा सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन अशा येतात, चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी. 'रोज सहा' असं ऐकलं की एखादा मुलगा सकाळी सहा, संध्याकाळी सहा देतो. एखादी सून सुट्टीतही चालू ठेवते, कारण औषध मधेच बंद कसं करायचं! कॅलेंडरवर खुणा करा. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, सोडून द्या. आणि पुढच्या सायकलला गोळ्यांचं पाकीट तसंच घेऊन या, उरलेल्या मोजल्या की आम्हाला कळतं.

काकूंचं तिसरं सायकल होतं तेव्हा मी त्यांना वजनकाट्यावर घेऊन गेले. साडेसेहेचाळीस. दीड किलो उतरलं होतं. त्यांनी लगेच विचारलं, "मग आता डोस कमी होणार?" तिथेच मोबाइलवर गणित करून दाखवलं: क्षेत्रफळ १.४०, डोस ८४. म्हणजे पिशवीत पुन्हा ८५च. वजन पाच-दहा टक्के बदललं तर बदलू, सध्या नाही. या वेळी त्यांना पटलं असावं, कारण पिशवीकडे न बघता त्या काट्याकडेच बघत होत्या.

"चप्पल काढली होती ना मी?"

"काढली होती."

"आणि बांगड्या? त्या नव्हत्या काढल्या. काढून पुन्हा उभी राहू?"

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून त्या मोजल्यात आपण."